खराट्याची पाळी

दिग्रसच्या त्या जिनिंगमध्ये सत्यभामा लग्न होऊन आली त्याच वर्षी कामाला लागली. रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस लोटायचा, सरकी एकीकडे, रुई एकीकडे. यंत्रांचा आवाज एवढा, की बायका एकमेकींशी ओरडूनच बोलायच्या. ती सवय तिच्या गळ्याला कायमची चिकटली. "चहा घेता का?" असं साधं विचारलं तरी नव्या माणसाला वाटायचं, ही भांडायला उठली.

मग कापसाचे भाव पडले. बाजारात येणाऱ्या गाड्या आटल्या, आणि दोन हजार चारच्या हंगामात जिनिंगचा भोंगा वाजलाच नाही. मालक नागपूरला निघून गेला. मागच्या खोल्यांत राहणाऱ्या सहा कुटुंबांना तो एवढंच म्हणाला, "राहा, आवार सांभाळा."

सत्यभामेचा नवरा उकंडा बाजार समितीत हमालीला जाऊ लागला, ती स्वतः लोकांच्या शेतात निंदणाला. शेजारचा जमीर बसस्टँडजवळ ट्रक दुरुस्त करायचा, त्याची बायको गौहर गोधड्या शिवायची. जिनिंगचे जुने मुनीम भगवानराव एका धान्याच्या दुकानात हिशेबाला बसले. कोणी पहाटे निघे, कोणी दिवे लागल्यावर परते. सहा घरांत सहा चुली पेटवण्यापेक्षा एकच पेटवू, ही गौहरची कल्पना. रुईच्या रिकाम्या गोदामात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर एक मोठी चूल पेटली आणि रात्रीची पंगत एकत्र बसू लागली.

पहिल्या दिवशी भगवानराव उभे राहून म्हणाले होते, "एक चूल म्हणजे एक घर. इथलं सगळं काम सगळ्यांचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्यभामेनेही.

स्वयंपाक, पाणी, झाडलोट असं सगळं ठरलं. आवाराच्या टोकाला दोन सामायिक संडास होते. खराटा आणि बादली ज्याच्या दारात, त्या दिवशी साफसफाई त्या घराची. मग ती पुढच्या दारात सरकवायची.

सुरुवातीला सगळ्या बायकांनी केलं. बायकांनीच, पुरुषांच्या हातात खराटा कोणी पाहिला नाही. पुढे भगवानरावांच्या दारात बादली थांबेनाशी झाली. त्यांची पाळी आली की ती आपोआप पुढच्या दारात दिसायची. मग आणखी एका घराचं तसंच. शेवटी बादली सत्यभामेच्या उंबऱ्यालाच मुक्कामाला आली. तिने दोन-चारदा विचारलं, तर ज्याला त्याला कामाची घाई.

एका संध्याकाळी ती शेतातून आली. गोदामाच्या दारात भगवानरावांची बायको शुभदा भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, "सत्यभामाबाई, आज संडास राहिला वाटतं. तेवढं करून घ्या ना. तुम्हा लोकांना सवय असते, आम्हाला मळमळतं."

शुभदा वाईट बाई नव्हती. बोलताना तिला काही लागेल असं वाटलंही नसावं. सत्यभामा मात्र जागीच थांबली.

"आमाले कशाची सवय, वहिनी? मी रेच्यावर होती. कापसाची सवय हाय मले. घाणीची सवय कोणाच्या पोटातून येत नाई."

तिने बादली आणि खराटा उचलला आणि भगवानरावांच्या दारात नेऊन ठेवला. सकाळी तो पुन्हा तिच्या दारात होता. तिने परत नेला. असं काही दिवस चाललं. संडासाकडे जाणं नकोसं झालं, लोक नाकाला पदर लावून जाऊ लागले, पण ती वाकली नाही.

भगवानरावांनी मग सगळ्यांना गोदामात बोलावलं. "वाद कशाला? बाहेरून एखादा माणूस लावू. पैसे मी देतो."

"तो माणूस आपल्यासंगं पंगतीत बसन का, मुनीमजी?"

भगवानराव महिन्याचा खर्च सांगू लागले, तर सत्यभामेने त्यांना मध्येच तोडलं.

"नाई बसनार. तुमी त्याले दुरून पैसे टाकान. मंग एक चूल कशाची? ज्यानं जेवाचं त्यानं साफ कराचं. बाई असो का मानूस."

"आता तुम्ही मला शिकवणार?" भगवानराव उठून गेले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक सत्यभामेकडे होता. भाकरी, वरण, ठेचा, सगळं तिने नेहमीसारखं केलं. लोक येऊन बसले तर पुरुषांची ताटं पालथी. पहिलं पालथं ताट तिच्या नवऱ्याचं.

"हे काय?" उकंडा चिडला. "दिवसभर पोते वाह्यले म्या!"

"म्या का झोपली होती? ज्यानं खराटा धरला नाई, त्याले माह्या हातची भाकर नाई. तू पयला."

"लोकाईसमोर नवऱ्याले उपाशी ठेवतं?"

"लोकाईसमोर सांगून राह्यली. चोरून नाई."

जमीर हसत उठला. "माहे हात तसेबी दिवसभर ग्रीसमंदीच असतात. दे भाभी, कुठी हाय खराटा?" तो गेला तशी गौहर उकंडाकडे बघत राहिली. उकंडाला त्या नजरेचं ओझं पोत्यापेक्षा जड झालं असावं. पुटपुटत, शिव्या देत तो जमीरच्या मागे पाण्याची बादली घेऊन गेला. परत येऊन हातपाय धुतले आणि स्वतःच ताट सरळ केलं. सत्यभामेने वाढलं. त्या रात्री तो तिच्याशी बोलला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही.

भगवानरावांनी त्या ताटाला हात लावला नाही. ते बसस्टँडवर जेवू लागले. आता पाळी घरागणिक नाही, माणसागणिक होती. शुभदाने आपली नाक दाबून केली होती; नवऱ्याची आली तेव्हा ती पुन्हा पदर खोचून खराटा घ्यायला वाकली. सत्यभामेने तिचा हात धरला.

"तुमची पाळी तुमी केली, वहिनी. हे त्याईची हाय."

"ते नाही करणार हो. मीच करते, भांडण तरी मिटेल."

"तुमाले तर मळमळते नं?"

शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की लाजेचं, तिलाच कळलं नसेल. तिने खराटा खाली टाकला आणि घरात जाऊन नवऱ्याला सांगितलं, "मी तुमच्या वाटचं करणार नाही." भगवानरावांनी पिशवी भरली आणि भावाकडे बोरी अरबला निघून गेले. "चला," असं निघताना त्यांनी बायकोला आणि मुलीला, स्पृहाला, म्हटलं. दोघीही हलल्या नाहीत.

आवारातले काहीजण सत्यभामेला म्हणाले, "एका खराट्यापायी तुवं लोकाचं घर मोडलं."

"खराट्यानं मोडते थे घर आधीच खिळखिळं असन," ती म्हणाली. पण त्या दिवसांत तिला भाकर गोड लागत नव्हती, हे गौहरला दिसत होतं.

भगवानराव पोळा आटोपून परतले. कोणाशी बोलले नाहीत. सकाळी धोतर वर खोचून, तोंडाला रुमाल बांधून ते संडासाकडे गेले आणि बराच वेळ पाणी ओतत राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा लालबुंद. सगळे आपापल्या दारातून बघत होते. टाळी कोणी वाजवली नाही.

सत्यभामा आत डोकावली आणि तिच्या त्या रेच्याच्या आवाजात, आवारभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मुनीमजी, कोपरा राह्यला."

भगवानरावांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग परत आत गेले.

त्या दोघांचं पुढेही कधी जमलं नाही. ते तिला उद्धट म्हणत, ती त्यांना कामचुकार. पण पंगतीत दोघं एकाच ओळीत बसत, आणि कोणी आजारी पडलं तर त्याची पाळी बाकीचे वाटून घेत. हल्ली सत्यभामेचं नवं भांडण सुरू आहे: भाकरी थापायला पुरुषांनीही बसलं पाहिजे. उकंडा म्हणतो, त्याच्या भाकरी कोणी खाणार नाही.

"खाऊ," ती म्हणते. "दातानं तोडू, पन खाऊ."