चतुराबाईने हलवलेली मान

देवळाली कॅम्पातल्या पोस्टाबाहेर, कडुलिंबाखाली पोतं अंथरून चतुराबाई पार्सलं शिवते. डबा असो की गाठोडं, मांजरपाटाच्या पांढऱ्या कापडात ती असं बसवते की टाका दिसावा, पण बोट शिरू नये. फौजींच्या बायका सासरी, माहेरी, सीमेवर जे जे धाडतात ते वर्षानुवर्षं तिच्या हातून गेलं. कुणाचा नवरा कुठे आहे, कुणाच्या सासूला दात नाहीत म्हणून लाडू मऊ वळलेत, हे सगळं तिला ठाऊक असे. त्या ठाऊक असण्यातच तिला तिचा मान वाटे.

दिवाळीनंतर पोस्टाच्या फाटकाच्या दुसऱ्या बाजूला चैताली येऊन बसली. घडीचं टेबल, पुठ्ठ्याची कोरी खोकी, चिकटपट्टी, फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. वस्तू ठेवली, टेप कर्र करून ओढली, झालं. हल्ली पोस्टात खोकंही चालतं, कापडाचा हट्ट कुणी धरत नाही. चैताली वाईट नव्हती, हीच तर अडचण. येता-जाता 'मावशी' म्हणे, चहा आणला तर दोघींचा आणी. चतुराबाई तो चहा पिई आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "टेप लावलेलं पार्सल म्हंजे निऱ्या न खोचता नेसलेलं लुगडं. चाललं दोन पावलं की सुटलं." चैतालीला हसू येई. त्या हसण्यानं चतुराबाईच्या अंगाचा आणखीच तिळपापड होई.

तरी इतर गिऱ्हाइकं गेली तर ती मनाला लावून घेत नसे. हर्षालीचं मात्र वेगळं होतं. हर्षाली नामपूरची, नवरा सोमनाथ आसामात हवालदार. लग्न होऊन कॅम्पात आली तेव्हापासून तिचं प्रत्येक पार्सल चतुराबाईनंच शिवलेलं. पहिल्या खेपेला पत्ता लिहिताना पोरीला रडू फुटलं, तेव्हा 'शाई पसरंल गं' म्हणत चतुराबाईनं आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले होते. गेल्या वर्षी शर्टाच्या घडीत दडवलेली अत्तराची बाटली तिनं नुसत्या वासावरून काढली होती आणि पेट घेणारं काही टपालानं जात नाही, हे पोरीला समजावलं होतं. हर्षाली आपली, असं चतुराबाईनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

ती हर्षाली परवा पिशवी घेऊन आली आणि सरळ चैतालीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

चतुराबाईनं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं पार्सल शिवायला घेतलं होतं. डोळे सुईवर, कान तिकडे. सोमनाथनं तिकडे सायकल घेतली आहे, पण चांगले सुटे भाग मिळत नाहीत, असं हर्षाली सांगत होती. टेबलावर पेडलं आली, चेन आली, ब्रेकचे रबर आले. पाठोपाठ पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि चेनवर मारायच्या तेलाचा स्प्रे. चतुराबाईची सुई थांबली. सोल्युशन म्हणजे काडी लावताच भडकणारं आणि स्प्रेच्या डब्यात कोंडलेला गॅस. दोन्ही काउंटरवरून परत येतात. असलंच एक पार्सल तिला अख्खं उसवावं लागलं होतं.

चैतालीलाही शंका आली असावी. ट्यूब उंच धरून तिनं विचारलं, "मावशी, हे जातं का हो?"

चतुराबाईच्या दातांत दोरा होता. तो काढायला कितीसा वेळ लागणार होता? तिनं काढला नाही. नुसती मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. चैतालीनं हो धरलं. टेप कर्र वाजली आणि चतुराबाईनं पुढचा टाका घातला.

काउंटरवरच्या कारकुनानं, ज्ञानेशनं, नेहमीप्रमाणे आत काय आहे ते विचारलं. हर्षालीनं खरं ते सांगितलं. त्यानं पार्सल परत सरकवलं: पेटणारं आणि गॅसचं काढा, मग आणा. हर्षालीनं ते बाहेर आणलं. चैतालीनं घाईनं टेप ओढली, तसा पुठ्ठा सालपटासारखा फाटून आला. त्या मापाचं दुसरं खोकं तिच्याकडे नव्हतं, आणि काउंटर बंद व्हायची वेळ होत आली होती.

"मी मावशींना विचारलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली.

हर्षाली कडुलिंबाखाली आली. "मावशी, अत्तराची बाटली तुम्हीच काढायला लावली होती ना? मग आज गप्प का बसलात?"

दोरा तोंडात होता, नीट दिसलं नाही, असं पुष्कळ सांगता आलं असतं. चतुराबाईनं सुई कापडात खोचली. "तू माझ्याकडं आली नाय म्हणून."

हर्षालीनं फाटक्या खोक्याकडे बोट दाखवलं. "अहो, पेडलं लोखंडाची. कापड फाडून बाहेर आली असती. म्हणून खोक्यात घालायला गेले, दुसरं काय?" मग ती म्हणाली, "आता मात्र तुम्हाला विचारायचं की नाही, याचा विचार करावा लागेल."

चतुराबाईनं मांडीवरचं पार्सल बाजूला ठेवलं. तिनं हात पुढे केला आणि फाटकं खोकं मागून घेतलं. ट्यूब आणि स्प्रे हर्षालीच्या पिशवीत परत गेले. सोमनाथ ते तिकडेच कुठेतरी शोधेल. चैतालीनं खोक्याचे कोपरे दाबून धरले, चतुराबाईनं वरून कापड ओढलं आणि भराभर टाके घातले. ओढता ओढता तिनं चारी बाजू फिरून पाहिल्या, कुठे बोटभर तरी टेप दिसते का ते.

"मावशी, माझी टेप सगळी झाकली की हो," चैताली म्हणाली.

"झाकायलाच असतं कापड."

पार्सल गेलं. हर्षाली पावती घेऊन बाहेर आली, चालता चालताच 'येते हं' म्हणाली आणि फाटकातून निघून गेली. तिचं तोंड नेमकं कुणाकडे होतं, ते चतुराबाईला दिसलं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांचं पार्सल पुन्हा मांडीवर घेतलं, तरी तिला राहवेना.

"तुला म्हणली का गं ती, येते म्हणून?"

"तुम्हालाच म्हणाली, मावशी."

"खोटं बोलतीस." चतुराबाईनं सुईत नवा दोरा ओवला. मग वर न पाहता म्हणाली, "आन् पुन्हा मला काय इचारलं, तर तोंडानं उत्तर मागून घे. नुसती मान हालवली तर धरू नको."