दिगूमामांच्या रिमा

टँकर गावात शिरला की बायका घागरी घेऊन विहिरीकडे धावायच्या आणि दिगूमामा तोंड बघायला बसायचे. केबिनमधून उतरून पुढच्या चाकापाशी उकिडवे व्हायचे, अॅल्युमिनियमच्या रिमवर तोंडाची वाफ सोडायचे, खांद्यावरच्या दस्तीनं ती पुसायचे आणि वाकून तिच्यात मिशी नीट करायचे. ते झालं की मग मागे जाऊन टाकीचा कॉक उघडायचे. तोवर बायकांचा आरडाओरडा सुरू झालेला असे. दिगूमामांना घाई कधी नव्हती.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची गोष्ट. मी मूळची नांदेडकडची, उमरीची. नोकरी मात्र उदगीरच्या बाजूच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात. टँकर आला की त्यातल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून घेणं हे माझं काम. मी पावडर बादलीत कालवून द्यायची, दिगूमामा ती घेऊन टाकीवर चढायचे आणि झाकणातून आत ओतायचे. मग सगळं पाणी कोरड्या विहिरीत सोडलं जाई आणि तिथून लोक शेंदून घेत.

दिगंबर जाधव त्यांचं नाव, गाव लातूरजवळचं मुरुड. पन्नाशी ओलांडलेले, उंच, अंगानं काटक. एरवी लातूरच्या दालमिलमधून हैदराबादकडे डाळ न्यायचे. दुष्काळात मिलला मालच येईना, तेव्हा त्यांनी ट्रकवर लोखंडी टाकी बसवली आणि ते पाणी वाहू लागले. ट्रक त्यांनी जुनाच घेतला होता, पण आधीच्या मालकानं हौसेनं त्याला अॅल्युमिनियमच्या रिमा बसवल्या होत्या. आमच्या भागात ट्रकला तशा रिमा कोणी बघितल्या नव्हत्या. "इंजिन कुनाचं बी वराडतंय, शिस्टर," ते मला सांगायचे. "मानूस लांबून वळखू येतो तो चाकावरनं." टँकर भरायच्या ठिकाणी मी एकदा पाण्याचा नमुना घ्यायला गेले होते. वीज गेलेली, टँकरांची रांग लागलेली आणि बाकीचे ड्रायव्हर सावलीत झोपलेले. दिगूमामा एकटे जुन्या बनियनच्या फडक्यानं रिमा घासत बसले होते. शेजारी पॉलिशची डबी. पाण्याचा एक थेंब त्या कामात नव्हता. त्या वेळी मी ते नुसतं पाहिलं आणि विसरले.

चैत्रात गावची पंचाईत वाढली. टँकर एक दिवसाआड येऊ लागला. आमच्या गावात चंद्रकलाबाई नावाची मजुरी करणारी बाई होती. तिची मुलगी नुकतीच बाळंत होऊन माहेरी आली होती, म्हणून मी तिच्या घरी जाऊन येऊन असे. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं ते सांगायला नको. एके दिवशी टँकर विहिरीत रिता झाला, लोकांनी पोहरे सोडले, रेटारेटी झाली आणि चंद्रकलाबाईचा पोहरा वर आला तेव्हा त्यात नुसता चिखल होता. ती तशीच वळली. समोर दिगूमामांचा ट्रक उभा होता आणि त्याच्या रिमा उन्हात लखलखत होत्या.

"का हो ड्रायव्हर!" ती ओरडली. "हितं वल्या बाळंतिनीला अंग धुवाया पानी न्हाई, अन् तुमची चाकं चकचक करून राहिली! कोन्च्या पान्यानं धुता? आमच्याच न्हवं?"

दिगूमामांनी तोंड उघडायच्या आत चार माणसं पुढे झाली. पाणी वाटेत विकतो इथपासून अर्धीच टाकी भरून आणतो इथपर्यंत सगळं बोलून झालं. चंद्रकलाबाईनं चिखलाचा पोहरा उचलला आणि पुढच्या चाकावर रिकामा केला. टाकीचा कॉक बंद आहे ना ते दिगूमामांनी हातानं चाचपून पाहिलं, केबिनमध्ये बसले आणि निघून गेले.

तहसीलला तक्रार गेली. दोन दिवसांनी साहेब आले, त्यांनी सगळ्यांसमोर टाकी तपासली. ती काठोकाठ भरलेली होती. कोणी चाकं धुताना पाहिलंय का, असं साहेबांनी विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं. मी मात्र भरायच्या ठिकाणी जे पाहिलं होतं ते सांगितलं, की हा माणूस कोरड्या फडक्यानं पुसतो. काहींना पटलं, काहींना नाही. उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा बोलवा होती आणि आमचे सरपंच मोर्च्याच्या तयारीत होते. ते म्हणाले, "एकदा जिल्हा होऊ द्या. मग पान्यासाठी लातूरला पळावं लागनार न्हाई."

"जिल्हा झाला की कलेक्टर जवळ येतील, सरपंच," दिगूमामा शांतपणे म्हणाले. "पानी कितीक जवळ येईल तेवढं इचारून ठिवा."

त्यांचं काम गेलं नाही. निघताना ते मला म्हणाले, "शिस्टर, तुमी खरं बोलल्या, मेहरबानी झाली. पन तान लागलेल्या मानसाला आपलं खरं काय करायचं?"

पुढच्या खेपेला टँकर आला तेव्हा मी आधी ओळखलाच नाही. सहाही चाकं काळीभोर. दिगूमामांनी रिमांना जुनं ग्रीस फासलं होतं आणि वाटेतला सगळा फुफाटा त्यावर बसला होता. "हे काय केलंत?" मी विचारलं. "लोकांच्या डोळ्यात जात हुतं," ते म्हणाले. "म्हनून झाकलं." मिशी नीट करायला आता काही उरलं नव्हतं. ते उतरायचे ते थेट कॉककडे जायचे. चंद्रकलाबाई पाणी भरायची, ते उभे असायचे. एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण आता पाणी सोडण्याआधी ते हाक मारायचे, "बाळंतिनीच्या घरची घागर पुढं घ्या!" आणि कॉकला आधी तीच घागर लावायचे. बाकीच्या बायका सरकून तिला वाट देत.

त्या पावसाळ्यात विहिरींना पाणी आलं. टँकर बंद झाले. दिगूमामांचा विषय संपला असं आम्ही धरून चाललो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा ट्रक पुन्हा गावात आला. टाकी उतरवलेली, मागची बॉडी रिकामी, चाकं तशीच काळी. ट्रक विहिरीजवळ उभा करून ते सरळ चंद्रकलाबाईच्या दारात गेले. मी शेजारच्या घरी लहान बाळाला बघायला आले होते, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या पान्यानं चाकं धुतली म्हनाल्या हुत्या. तव्हा धुतली न्हवती. आता धुवाया आलोय. घागरभर पानी द्या."

चंद्रकलाबाई कोपऱ्यातली घागर उचलून विहिरीकडे चालू लागली.

दिवसभर ते काम चाललं. आधी डिझेलच्या बोळ्यानं ग्रीस काढलं, मग साबणाच्या पाण्यानं धुतलं. खालून जी रिम निघाली ती बघून दिगूमामांचा चेहरा उतरला. बोअरच्या खारट पाण्याचे आणि माझ्या पावडरीचे शिंतोडे ग्रीसच्या खालीही पोचले होते. सगळीकडे राखाडी डाग आणि मध्ये मध्ये पांढरे चट्टे. साबणानं ते हलेनात. त्यांनी पॉलिश पेपर काढला आणि जोर लावून घासायला लागले.

"थांबा," चंद्रकलाबाई म्हणाली. "घासून घासून पातळ करता का काय? जर्मनचंच हाय न्हवं हे?" अॅल्युमिनियमच्या भांड्यांना तिकडे जर्मनची भांडी म्हणतात.

"जर्मन न्हाई बाई, अलॉय हाय," दिगूमामा दुखावल्यासारखे म्हणाले.

"असंल. काळं तर आमच्या भगुन्यावानीच पडलंय."

तिनं घरातून चिंचेचं कढत पाणी करून आणलं, फडकं त्यात बुडवून एका चट्ट्यावर दाबून धरलं आणि थोड्या वेळानं पुसलं. चट्टा बराचसा निघाला. दिगूमामांनी वाकून बघितलं, बोटानं चाचपलं आणि मुकाट्यानं दुसरं फडकं त्या पाण्यात बुडवलं. मग दोघं समोरासमोर बसून चाकामागून चाक पुसत गेले. "जास्त येळ ठिवू नका, आंबट खातंय तिला," ते मध्येच बजावत. "ठावं हाय," ती म्हणे. चिंचेचं पाणी चोळून झालं की स्वच्छ पाण्यानं धुवायचं, बारीक पेपर ओला करून हलक्या हातानं फिरवायचा आणि शेवटी पॉलिश लावून फडक्यानं चकाकी येईपर्यंत घासायचं. पॉलिशला मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळपर्यंत पाच चाकं उजळली. कॉकच्या खालचं मागचं चाक तेवढं ऐकेना. पाणी सतत ठिबकून त्याला बारीक खड्डे पडले होते.

"हे काढून नवं बसवाल?" मी विचारलं.

"कामून? देवी आलेल्या मानसाचं तोंड काय फेकून देतेत का?" ते म्हणाले. त्या चाकालाही त्यांनी बाकीच्या चाकांएवढंच पॉलिश लावलं.

चंद्रकलाबाईनं चहा केला. मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली. दिगूमामांनी बाळाच्या हातावर बोट ठेवलं, बाळानं ते धरलं, आणि तेवढ्यावर ते निघाले. निघताना चंद्रकलाबाई म्हणाली, "मी बोलले त्ये..." ते म्हणाले, "तान लागली हुती तुमाला."

नंतर काही वर्षं ते डाळीच्या फेऱ्या करत राहिले. उदगीरवरून जाताना कधी वाट वाकडी करून गावात थांबत. उदगीर जिल्हा काही झाला नाही. माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली आणि भेटी संपल्या.

ते गेल्याचं मला चंद्रकलाबाईनं फोनवर सांगितलं. हैदराबादहून येताना छातीत कळ आली, ट्रक त्यांनी रस्त्याच्या कडेला नीट उभा केला आणि तिथंच संपले. "मुरुडला जायाचं हाय," ती म्हणाली. "मला वाट ठावं न्हाई. येता का?"

आम्ही लातूरच्या स्टँडवर भेटलो आणि एसटीनं मुरुडला गेलो. मांडवात पाव्हणेरावळे बसले होते. आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. दिगूमामांची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं चंद्रकलाबाईला विचारलं, "मावशी, तुमी मामंजींच्या कोन?"

चंद्रकलाबाईनं तांब्या हातात घेतला.

"कोनी न्हाई बाई," ती म्हणाली. "आमचं भांडान झालतं."

ओसरीवर दिगूमामांच्या बायको बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मान वर करून चंद्रकलाबाईकडे नीट बघितलं. मग शेजारी बसलेल्या नणंदेला त्यांनी जरा सरकायला सांगितलं आणि त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून म्हणाल्या, "या. हितं बसा."