संगणकाला वेळ पाळायला शिकवणाऱ्या चंद्रकलाताई

कळमनुरीच्या आमच्या महाविद्यालयात मी भूगोलाचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो, त्या दिवशी प्रयोगशाळेत मला सर्वांत आधी भेटल्या त्या श्रीमती चंद्रकलाताई खिल्लारे. पदानं त्या प्रयोगशाळा परिचर. नकाशे झटकणं, उपकरणं मोजून कपाटात ठेवणं, कुलूप लावणं, हे त्यांचं नेमलेलं काम. मी आत गेलो तेव्हा त्या कोपऱ्यातल्या संगणकासमोर उभ्या होत्या आणि हातात पेन्सिलीनं लिहिलेला एक कागद होता. नमस्कार व्हायच्या आधीच त्यांनी मला विचारलं,

"सर, तुमी भूगोलाचे नवे सर ना? इंग्रजी येत असंल तुमाला. डीमन म्हंजे भूतच ना?"

"हो. भूत, राक्षस, असंच काहीतरी."

"मंग कंप्युटरात भूत काहून ठेवलं असंल?"

मला उत्तर येत नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी तसं कबूल करायची तयारीही नव्हती. "बघून सांगतो," म्हणालो आणि विसरून गेलो. त्या विसरल्या नाहीत. महिन्याभरानं व्हरांड्यात मला थांबवून त्यांनीच सांगितलं, "सर, ते भूत न्हाई. सालदार हाय. पडद्यामागं बसून राहतो आन् नेमून दिलेल्या वक्ताला नेमून दिलेलं काम करतो. दिसत तेवढा न्हाई." त्यानंतर मी अनेक जाड पुस्तकं चाळली. यापेक्षा सोपी व्याख्या मला आजवर सापडलेली नाही.

त्या संगणकाचीही थोडी ओळख द्यायला हवी. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं तो महाविद्यालयाला भेट दिला होता. लिनक्स या प्रणालीवर चालणारा, काळ्या पडद्याचा. त्यामुळे कुणी त्याच्या वाटेला जात नसे. चंद्रकलाताईंचं शिक्षण बारावीपर्यंतचं. पण त्या यंत्रासोबत आलेली माहितीपुस्तिका त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून, रोज एक पान याप्रमाणे मराठीत उतरवून काढली. पुढे ते यंत्र एकाएकी बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी "डिस्क भरली आहे, यंत्र जुनं झालंय, नवं घ्या" असा निकाल दिला. ताईंनी त्यांना एकच प्रश्न केला.

"साहेब, ही साफसफाईची कामं त्याला नेमून दिलेली हायत, ती कवाची?"

"पहाटेची. सगळीकडे पहाटेचीच असतात."

"पहाटं तर आमचं मेन बटन बंद असतंय. संध्याकाळी कॉलेज सुटलं का शिपाईमामा ते खाली करून जातेत. मंग हे काम व्हतंय कवा?"

ते काम कधीच झालं नव्हतं. जुन्या नोंदींचा ढीग महिनोन् महिने साचत गेला होता. ताईंनी तो उपसला आणि सगळ्या कामांच्या वेळा दुपारी सव्वादोनवर आणल्या, कारण तेव्हा वर्ग सुटलेले असतात आणि वीज असते. ज्या दिवशी दुपारीच वीज जाईल त्या दिवसासाठी त्यांनी आणखी एक सोय शोधली: राहिलेलं काम यंत्र सुरू झाल्याबरोबर आपोआप उरकलं जाईल अशी. नवा संगणक घ्यावा लागला नाही.

याच यंत्रावर पुढे आमचा विहिरींचा उपक्रम उभा राहिला. सेनगाव आणि औंढा तालुक्यांतल्या काही गावांत दर गुरुवारी एकेक बाई ठरलेल्या विहिरीत फीत सोडून पाणी किती खोल आहे ते मोजते आणि आकडा मोबाइलवरून आम्हांला कळवते. गुरुवारी सकाळी दहाला या सर्वांना "आज विहीर मोजा" असा निरोप पाठवणं, दुपारी आलेल्या आकड्यांचा तक्ता करणं आणि रोज साऱ्या नोंदींची एक प्रत पलीकडच्या ग्रंथालयातल्या संगणकावर नेऊन ठेवणं ही कामं ताईंनी यंत्राला लावून दिली. एका कामाला एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. ताई ते पाच बोटांवर शिकवतात. करंगळी मिनिटाची, अंगठा वाराचा. रकान्यात चांदणीचं चिन्ह (*) टाकलं की त्याचा अर्थ "दर".

या चांदणीनं माझी पुरती फजिती केली. निरोपाची वेळ नवावरून दहावर आणायचं काम मी मोठ्या आत्मविश्वासानं अंगावर घेतलं आणि मिनिटाच्या रकान्यात शून्याऐवजी चांदणी ठेवली. त्यानंतरच्या गुरुवारी दहा वाजले, आणि दर मिनिटाला एक निरोप निघाला. सव्वादहाला गोरेगावहून कौसाबाईंचा फोन आला. तिथली विहीर मोजण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

"सर, मोजली हो इहीर! दोनदा मोजली. आता आनखी किती खेपा मोजू? पानी तेवढंच हाय!"

ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू आवरल्यावर त्यांनी ओळ दुरुस्त केली. मग प्रत्येक गावाला स्वतः फोन लावून त्यांनी सांगितलं, "मशीनला उचकी लागली व्हती, बाई." माझं नाव त्यांनी कुठेही येऊ दिलं नाही.

हसण्यावारी न्यावी अशी ती चूक होती. दुसरी तशी नव्हती, आणि ताईंच्या या गौरवग्रंथाच्या निमित्तानं ती प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे.

थोरल्या लेकीच्या बाळंतपणासाठी ताई रजेवर परभणीला गेल्या होत्या. मला त्या ओळींत एक किरकोळ बदल करायचा होता. कामांची यादी उघडायची असेल तर आज्ञेत इंग्रजी 'ई' लिहायचं असतं. कळफलकावर 'ई'च्या शेजारीच 'आर' आहे, आणि 'आर' म्हणजे सगळी यादी पुसून टाक. यंत्र "खरंच पुसू का?" असं विचारतसुद्धा नाही. माझं बोट शेजारी पडलं. एका क्षणात ताईंच्या साऱ्या ओळी गेल्या.

मी घाबरलो. खरं तर तेव्हाच त्यांना फोन करायला हवा होता. पण मी एव्हाना विभागप्रमुख झालो होतो, आणि त्या परिचर; शिवाय चांदणीचा किस्सा ताजा होता. निरोपाची आणि तक्त्याची अशा दोन ओळी मी आठवून लिहिल्या. रोजच्या प्रतीची ओळ मला जमेना. ताई आल्या की काहीतरी निमित्त काढून त्यांच्याकडून लिहून घेऊ, असं मी ठरवलं. त्या आल्या, त्यांनी सर्वांना पेढे दिले, आणि मी गप्पच राहिलो. लाज दिवसागणिक वाढते, हे मला तेव्हा कळलं.

पंधरवडा उलटला. गोरेगावात रब्बीची बैठक ठरली होती. यंदा गहू घ्यायचा की हरभरा, हा प्रश्न होता. गव्हाला पाणी जास्त लागतं आणि त्या शिवारातल्या विहिरींचं पाणी पिण्याच्या विहिरीशी खालून जोडलेलं आहे. गावात दोन तट पडले होते. "आमच्या इहिरीचे मागच्या सालांचे आकडे आणा, मंग ठरवू," असं सरपंचांनी कळवलं होतं. बैठक संध्याकाळी पाचला. त्याच दिवशी सकाळी संगणकाच्या डिस्कनं कटकट आवाज केला आणि मान टाकली.

कौसाबाईंसारख्या बायकांनी उन्हातान्हात काठावर वाकून मोजलेली इतक्या वर्षांची मोजमापं माझ्या एका बोटानं बुडवली, असंच मला वाटलं; ओळ पुसण्याआधीची प्रत ग्रंथालयात असेल, हेही त्या घाबरेपणी सुचलं नाही. मी ताईंना बाजूला बोलावलं.

"ताई, प्रत नाही. ती ओळ मी पुसली होती. तुम्ही परभणीला होतात तेव्हा. मी सांगितलं नाही."

ताईंनी शांतपणे ड्रॉवर उघडून एक पेचकस काढला.

"म्हाईत हाय सर. रोज प्रत झाली का मला मोबाइलवर निरोप येतो. दोन दिस आला न्हाई. परभनीहून आल्याबराबर पाहिलं, तर सगळ्या वळी गायब, दोनच नव्या. माझ्या वहीत समद्या लिहून हायत. त्याच दिवशी लावल्या."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमी सांगताल म्हणून वाट पाहून राहिले व्हते."

एवढंच. त्यात रागाचा लवलेश नव्हता. मला मात्र इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी इतक्या थोडक्या शब्दांत शिकवलं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हणालो. "चुकतंय समद्यांचं. आता जेवून घ्या, दुपारी धावपळ हाय," म्हणून त्या कामाला लागल्या.

ग्रंथालयातल्या यंत्रावर शेवटची प्रत आदल्या दुपारची होती. ती नुसती असून भागत नाही, उघडायलाही हवी. पण ताई दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती परत आणून, उघडून, दोन-चार आकडे वहीशी ताडून पाहत आल्या होत्या. "परत आनून पाहिल्याबिगर जपलं म्हणू न्हाई," हा त्यांचा नियम. दीड वाजता विद्यार्थ्यांच्या एका संगणकावर सगळ्या नोंदी आल्या. अडीचला गोरेगावच्या विहिरीचे आलेख छापून झाले आणि आम्ही निघालो: हिंगोलीपर्यंत बस, पुढे जीप. ताईंनी आलेखांची गुंडाळी सबंध वाटेत मांडीवर धरली होती.

बैठकीत मी आलेख लावले, पण बोलायला ताईंनी कौसाबाईंना पुढे केलं. "मोजलं तुमी, तर सांगा तुमीच." कौसाबाई आधी लाजल्या, मग एकेका रेघेवर बोट ठेवून सांगू लागल्या. "हे पाहा, ह्या साली दिवाळीला पानी एवढं खाली व्हतं आन् आपून समद्यांनी गहू पेरला. शिमग्याला काय झालं? भावजी, तुमीच सांगा." ज्यांना विचारलं ते गव्हाच्या बाजूचे पुढारी होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "व्हय. घागरी घेऊन रांगंत हुभं राहिलो." सगळी बैठक हसली. तासाभरात ठरलं: गहू घरच्यापुरता, बाकी हरभरा.

पुढच्या मे महिन्यात कौसाबाईंचा फोन आला तो गुरुवार नव्हता. "सर, आकडा न्हाई सांगत. ताईला सांगा, पानी हाय. टँकर न्हाई बोलावला." मी फोन तसाच ताईंच्या हाती दिला. त्या दोघी बराच वेळ बोलत होत्या. विषय विहिरीचा कमी आणि ताईंच्या नातवाच्या दातांचा जास्त होता.

त्यांच्या आपुलकीचा माझ्या घरालाही अनुभव आहे. माझ्या वडिलांवर नांदेडला शस्त्रक्रिया झाली, तेव्हा गोळ्यांच्या वेळा पाळणं आम्हांला अवघड जात होतं. ताईंनी न विचारता औषधांची चिठ्ठी मागून घेतली आणि वडिलांच्या मोबाइलवर वेळच्या वेळी निरोप जाईल अशी व्यवस्था केली: "दादा, जेवल्यावर पांढरी गोळी घ्या." वडील बरे झाले, गोळ्या थांबल्या. "सर, ती निरोपाची वळ काढू का आता?" असं ताईंनी विचारलं. मी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "राहू दे रे. कुणीतरी जेवलास का म्हणून विचारतंय." ताईंनी निरोपातली गोळी काढली आणि "दादा, जेवले का?" एवढंच ठेवलं. तो निरोप आजही जातो.

सगळ्यांनी त्यांना सहज मान दिला, असं म्हणणं खोटं ठरेल. "परिचराकडून शिकता?" असं मला एका सहकाऱ्यांनी कर्मचारी कक्षात सर्वांदेखत विचारलं होतं. पुढे त्यांच्या प्रबंधाची प्रकरणं सापडेनाशी झाली तेव्हा ते ताईंकडेच आले. ताईंनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं आणि मग प्रकरणं शोधून दिली. रोजची प्रत कशी लावायची हेही त्यांच्याकडून त्यांच्याच हातानं करून घेतलं. या ग्रंथाची मूळ सूचना त्या सहकाऱ्यांचीच आहे, हे नमूद करताना मला विशेष आनंद होतो.

आता साठाव्या वर्षी ताई सेवेतून निवृत्त होत आहेत. निरोप समारंभाला काय भेट द्यावी, असं आम्ही त्यांना विचारलं. त्या थोड्या घुटमळल्या आणि म्हणाल्या, "भेट नको सर. फारम भरून द्या." दर रविवारी आमच्याच महाविद्यालयात वर्ग भरणाऱ्या मुक्त अभ्यासक्रमाच्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला त्यांना नाव घालायचं होतं. मी अर्ज भरायला बसलो. मुख्य विषयाच्या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं, "कोणता विषय लिहू?"

"भूगोल. तुमीच शिकवणार ना रविवारी? मी म्होरं बसणार बरं का, मला आता जरा कमी आयकू येतंय."

मी रकान्यात 'भूगोल' लिहिलं आणि सहीसाठी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि डोळे त्यांना अखेरपर्यंत साथ देवोत, लेकी-नातवंडांनी घर गजबजलेलं राहो. बी.ए. झाल्यावर त्या एम.ए. करतील आणि मला अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतील, याची मला खात्री आहे. माझ्याकडे उत्तर नसेल तेव्हा या वेळी मी लगेच तसं सांगेन. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला वर्ग आहे. ताई, पहिल्या बाकावरची जागा तुमची आहे.