लाल दिव्याचे दोनशे सत्त्याऐंशी

"दोनशे सत्त्याऐंशी." आपटे सरांनी चष्मा कपाळावर सरकवून टीव्हीवरचा आकडा वाचला आणि कमिटीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार, हात रिकामेच होते.

आकडा माझ्या विरोधी कंपनीचा होता. म्हणजे त्या घडीला सगळ्यांना तसं वाटत होतं. मलासुद्धा.

मी बिबवेवाडीत घरोघर इंटरनेटच्या जोडण्या देते. आधी आमची केबल टीव्हीची लाईन होती. ह्यांचे गुडघे गेले तेव्हा मी गच्चीवर चढायला लागले, ती अजून उतरले नाही. फायबरचं काम शिकले ते व्हिडिओ बघून आणि वायरी वाया घालवून. फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्यातून उजेड जातो आणि उजेडावर बसून तुमचं नेट येतं. काच आहे, म्हणून तिला दुमडायचं नसतं. एवढं एक वाक्य समजायला मला तीन रिळं लागली.

आमच्या निम्म्या जोडण्या आपटे सरांच्या सोसायटीत. तिथे एक मोठी कंपनी आली आणि डक्टमध्ये, म्हणजे जिन्याशेजारी वायरींसाठी जी पोकळी असते ना तिच्यात, अशी गुंतावळ झाली की कमिटीने ठराव केला: एकच कंपनी राहील. रविवारी अकरा वाजता सरांच्या घरी, त्यांच्या टीव्हीवर, दोघांच्या नेटच्या वेगाची परीक्षा. हरेल त्याने आपली वायर गुंडाळून न्यावी. सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्यांना परीक्षेशिवाय करमत नाही. मला मात्र रात्रभर झोप नव्हती. माझ्याकडे तिघं कामाला आहेत. ही सोसायटी गेली की दोघांना घरी बसवायचं, आणि त्यातली सुनीता तर मी शिडी धरून तयार केलेली.

म्हणून शनिवारी मी एक उद्योग केला. सरांचा प्लॅन शंभरच्या वेगाचा. प्लॅन म्हणजे तुम्ही केवढा नळ घेतलाय ते समजा. मी ऑफिसात बसून त्यांचा नळ गुपचूप तीनशेचा करून टाकला.

रविवारी चिठ्ठी टाकली, पहिला नंबर समोरच्यांचा आला. त्यांचा सेल्सवाला रोहन. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट, तोंडात साखर.

"आंटी, तुमचा राउटर ऑफ करायचा ना? नाहीतर मिक्स होईल."

"करा की. आणि आंटी नको, मावशी म्हणा. बिबवेवाडीत आहात."

सरांनी उठून माझ्या राउटरचं भिंतीवरचं बटण स्वतः बंद केलं. चाचणी झाली. दोनशे सत्त्याऐंशी. टाळ्या.

टाळ्या वाजवता वाजवता माझं लक्ष रोहनच्या नव्या राउटरकडे गेलं. त्यावर लाल दिवा लागला होता. त्याला आम्ही एलओएस म्हणतो. तो लाल झाला म्हणजे तारेतून उजेड पोचतच नाही. उजेड नाही तर नेट नाही. मग हे दोनशे सत्त्याऐंशी आले कुठून?

मी टीव्हीजवळ गेले. चाचणीच्या आकड्याखाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव येतं. तिथे आमच्या फर्मचं नाव होतं.

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलायचे ते हलतच राहिले.

"मावशी, हरल्यावर लोक रडतात," सर म्हणाले. "आपलं काही वेगळं आहे का?"

"सर, तो आकडा आमचा आहे."

"बटण मी बंद केलंय."

"बटण केलंत. बॅटरी नाही केलीत."

त्याचं असं आहे. वीज गेली तरी नेट चालावं म्हणून राउटरला एक छोटी बॅटरी मीच सगळ्यांना लावून दिली आहे. बटण बंद केलं तर तिला वाटलं वीज गेली, ती इमानाने चालू राहिली. त्यात आमच्या धंद्यातली एक सवय. नवा राउटर लावताना त्याला जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड द्यायचा. म्हणजे घरातले फोन, टीव्ही आपोआप जोडले जातात, गिऱ्हाइकाला काही टाइप करावं लागत नाही. रोहननेही तेच केलं होतं. नव्यात नेट नाही म्हटल्यावर टीव्ही बिचारा सवयीने जुन्या घरी गेला.

मी बॅटरीची पिन काढली. टीव्हीवर चक्र गरगरायला लागलं आणि गरगरतच राहिलं. रोहनचा चेहरा उतरला.

"काल संध्याकाळी चालत होतं, मावशी. शपथ."

आपटे वहिनी स्वयंपाकघरातून पोह्यांचा ट्रे घेऊन आल्या. "काय झालं?"

"वहिनी, ह्यांच्या वायरीला सकाळी कुणी हात लावला का?"

"लोंबत होती मेली. चार माणसं येणार म्हणून घडी घालून रबर लावलं मी. कपाटामागे आहे."

मी रबर काढलं, घडी उलगडली. नशिबाने काच तुटली नव्हती. दिवा हिरवा झाला. रोहनने पुन्हा चाचणी केली. दोनशे चौऱ्याहत्तर, स्वतःचे.

"तेरा गुणांनी मावशी पुढे," सर म्हणाले. मी पोह्यांकडे हात नेला, तोच ते थांबले. "पण आमचा प्लॅन शंभरचा आहे ना? मग दोनशे सत्त्याऐंशी कसे?"

हात तिथेच राहिला. डोळ्यांपुढे सुनीता आली, तिची शिडी आली. पण मास्तरांपुढे खोटं बोलायची सवय शाळेतच गेलेली.

"काल वाढवला, सर. परीक्षेपुरता."

"ह्याला आमच्या वेळी कॉपी म्हणत."

"शिकवणी म्हणा, सर."

कुणी हसेना. तेवढ्यात रोहन म्हणाला, "सर, आमचाही डेमो प्लॅन आहे. रोज एवढा नाही येत." आणि मग जे हसू सुरू झालं ते पोहे गार होईपर्यंत थांबलं नाही.

वहिनींनी ट्रे ठेवला. "मला एवढंच सांगा, उद्या मी परत घडी घातली तर येणार कोण?"

"मॅम, ॲपवर तक्रार नोंदवायची," रोहन खरं तेच बोलला. "दोन दिवसांत माणूस येतो."

"आणि मावशी?"

"मी खालच्याच चौकात असते."

हात वर झाले, ते माझ्या बाजूने. सरांनी एक अट घातली: रविवारचा वेग सोमवारीही हवा, सगळ्या घरांना. मी हो म्हणाले आणि पुढचा महिनाभर सुनीता आणि मी गच्चीवर नवी यंत्रं बसवत बसलो.

रोहनची वायर मीच गुंडाळून दिली, मोठं वेटोळं करून. आता नव्या राउटरला मी जुन्याचं नाव देत नाही. वहिनींच्या घरातलं रबर मात्र जप्त करून आणलं आहे. आणि आकडा कितीही मोठा आला तरी आधी दिवा बघते, टाळ्या नंतर.