राजाला 'तो' म्हणायचं की 'ते'

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी कोल्हापूरच्या एका राजावर नोंद लिहिली. पुण्याच्या संपादकांनी नियमाप्रमाणे शीर्षकात नुसतं नाव ठेवलं आणि मजकुरातलं माझं 'ते' काढून 'तो' केलं. खाली नाव माझंच. दोन दिवसांत तो मजकूर शिवाजी पेठेतल्या मोबाइलांवर फिरू लागला. फोन सुरू झाले. शेवटी यजमानांनी फाटकाला कुलूप लावलं.

पेठेतल्या तालमीचे वस्ताद दोघांना घेऊन आले, तेव्हा कुलूप मीच काढलं. चहा कुणी घेतला नाही. वस्तादांचा आवाज मात्र खाली होता.

"बाई, तुमच्या वडलांस्नी तुम्ही 'तो' म्हणता काय?"

मी नाही म्हटलं.

"मग आमच्या राजाला कसं लिव्हलासा?"

मराठीत एकेरी लिहिलं की तटस्थपणा नाही, तुसडेपणा वाटतो, हे मलाही पटत होतं. 'तो' काढायला लावते, असं मी सांगितलं. पण शीर्षकात 'महाराज' येणार नाही. तिथं कुणाच्याच नावाला पदवी नसते. आणि एकदा 'ते' केलं की राजाचे अधिकार काढून घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यालाही 'ते'च लागेल, हेही सांगून टाकलं.

"त्यानं राजाचं हात बांधलं, आन् त्यो बी 'ते'?"

"हो. नियम सगळ्यांना एकच."

सोबतच्यांपैकी एकजण ताडकन उठला. यजमान स्वयंपाकघराच्या दारात हातात फोन धरून उभे होते. वस्तादांनी उठलेल्याला नुसत्या मानेनं बसवलं.

"लिव्हा," ते म्हणाले. "पण पयल्या ओळीत पदवी पुरी पायजे."

ते मी मान्य केलं आणि त्यांच्यासमोरच पुण्याला फोन लावला. संपादकांना वाटलं, मी दबावाला बळी पडले. त्यांचा आवाज चढला. एकेरी ठेवायचं असेल तर माझं नाव काढा, एवढंच मी म्हणाले. ते इतरांशी बोलून कळवणार होते.

पुढचा आठवडा आम्ही जपूनच काढला. मग नोंद बदलली. राजा 'ते' झाले, अधिकारीही 'ते' झाले, पहिल्या ओळीत राजाची पूर्ण पदवी आली, शीर्षकात नुसतं नाव राहिलं. संपादक माझ्याशी पुन्हा मोकळेपणानं बोलले नाहीत. वस्ताद भाजी घेताना एकदा दिसले. त्यांनी लांबूनच हात वर केला, पण हसले नाहीत.