अव्वाचा ट्रॅक्टर हँग व्हायचा तेव्हा

अव्वा गेली त्याला आज वर्ष झालं, आणि तिचा कॉम्प्युटर अजून एकदाही हँग झालेला नाही.

हसू नका. आमच्या घरात ही लई मोठी गोष्ट आहे.

अव्वा म्हणजे माझी आई. माहेर मंगळवेढा, सासर सोलापूर, मराठी आणि कानडी दोन्हीत भांडायची. वय चौसष्ट. छंद काय, तर गेमिंग.

त्याला कारण होतं. दादा-वहिनी वेगळे झाले आणि वहिनी श्रेयाला घेऊन बेंगळुरूला गेली. श्रेया तेव्हा दहाची. फोनवर आज्जी-नातीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो." "शाळा?" "बरी." संपलं.

मग श्रेयानंच सुचवलं की शेतीचा एक ऑनलाइन गेम आहे, दोघी मिळून खेळू. दादा नोकरीनं परगावी, त्याचा गेमिंगचा पीसी घरात पडूनच होता. दर रविवारी अकरा ते एक अव्वा हेडफोन लावून ट्रॅक्टर चालवायला लागली.

त्या गेममध्ये ज्वारी नव्हती. मंगळवेढ्याच्या बाईला गहू पेरायला लावतात म्हणून ती आठवडाभर चिडलेली होती.

पण त्या दोन तासांत श्रेया तिला सगळं सांगायची. मैत्रिणी, गणिताच्या मॅडम, आई-बाबांचा आलेला राग, सगळं.

आणि मग पीसी हँग व्हायला लागला.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की स्क्रीन जागच्या जागी थांबायची. हेडफोनमध्ये घर्रर्र. माऊस हलेना, काही हलेना. बटण दाबून बंद करायचं, परत चालू करायचं. तोवर तिकडं श्रेया शेतात एकटीच.

ऑफिसात मी कॉम्प्युटरमधली हुशार समजली जाते. त्या तोऱ्यात कॅबिनेट उघडलं, तर आत खंडेनवमीचं कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. बाईसाहेबांनी वरच्या जाळीवरच पूजा केलेली. मी तिला असलं झापलं की विचारू नका. सगळं साफ केलं, पंखे पुसले.

रविवारी तेविसाव्या मिनिटाला हँग.

अव्वानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, नवीन घेऊ. ती म्हणाली, आधी ह्याला काय झालंय ते तर कळू दे की. मग व्हिडिओ बघून बघून तिनं वहीत यादी केली आणि ठरवलं, आठवड्याला एकच बदल करायचा आणि रविवारी खेळून बघायचं. मी म्हटलं, एका दुपारी सगळं उरकून टाकू. तर मला विचारते, भाजीत मीठ, तिखट, गूळ एकदम घातल्यावर कशानं बिघडली ते तुला कळतं का? मला भाजीच येत नाही, म्हणून तिचं ऐकलं.

पहिल्या आठवड्यात ग्राफिक्स कार्डचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण काढून कंपनीच्या साइटवरून नवा टाकला. फरक शून्य.

दुसऱ्या आठवड्यात मदरबोर्डवरच्या चिपसेटचा ड्रायव्हर. चाळीस मिनिटं चाललं. तेवढ्यावर तिनं शिरा करून शेजारी वाटला.

पण पोरगी कंटाळली होती. पुन्हा हँग झाल्यावर श्रेयाचा फोन आला. "आज्जी, राहू दे. सारखं तुटतं. आपण नको खेळू या."

अव्वा "बरं बाळा" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. माझे वडील, अप्पा, गेले तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती.

यादीत आता बायोस तेवढा राहिला होता. म्हणजे मदरबोर्डच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. नव्या व्हर्जनखाली कंपनीनं लिहिलं होतं की सिस्टिम स्टेबिलिटी सुधारली आहे. पण ते चढत असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मेला समजा. आणि आमच्या भागातली लाईट कशी आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी सरळ नाही म्हटलं.

"सुमे, बंद पडलं तर पडू दे. असंच हँग होत राहिलं तर पोरगी तुटंल आपल्यापासनं."

मी कंपनीची साइट उघडून फाईल उतरवून घेतली.

तिनं भागातल्या वायरमनला फोन लावला. बुधवारी अकरा ते साडेअकरा लाईट घालवू नको, घरात ऑपरेशन हाय. तो बिचारा घाबरून कुठल्या डॉक्टरचं म्हणून विचारत बसला. वर शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा यूपीएस मागून आणला.

बुधवारी मी हाफ डे टाकला. टॉर्च मारून बोर्डावरचा मॉडेल नंबर तीनदा वाचला, कारण चुकीची फाईल गेली तर खेळ खलास. पेन ड्राइव्ह लावला. पट्टी सरकायला लागली. अव्वा स्विचबोर्डला पाठ लावून उभी, कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून. घरात आम्ही दोघीच होतो.

शंभर टक्के झालं आणि स्क्रीन काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं.

मग पंखे फिरले आणि स्क्रीनवर कंपनीचं चित्र आलं.

"चहा टाक," अव्वा म्हणाली.

श्रेयाची तिनं विनवणी केली, एकदाच ये, परत तुटलं तर कधी बोलावणार नाही. रविवारी पंचवीस मिनिटं गेली. चाळीस गेली. अव्वा पाणी प्यायलासुद्धा उठेना. सव्वा तासानं तिकडून श्रेयाचा आवाज आला.

"आज्जी, तू अजून आहेस?"

"हाय की. कुटं जाते?"

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. गेल्या वर्षी आजच्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली, तोपर्यंत.

खरं सांगते, मला वाटलं होतं आता श्रेयाचं आणि आमचं संपलं. आज्जीच नाही तर ती कशाला येईल?

महिन्याभरानं रविवारी अकराला तिचा फोन. "आत्या, गहू कापायला आलाय. मला एकटीला जमत नाही. तू बसतेस?"

बसते. मला ट्रॅक्टर अजून सरळ चालवता येत नाही. मध्ये एकदा कालव्यात घातला तर श्रेया इतकी हसली, की वहिनी काय झालं म्हणून बघायला आली. किती दिवसांनी आम्ही बोललो. बोलता बोलता वहिनीच म्हणाली, सुट्टीत हिला तुमच्याकडं पाठवते.

उद्या सकाळच्या गाडीनं श्रेया येतेय. पंधरा दिवस राहणार आहे.

अव्वा, तुझी नात घरी येतेय गं. निवांत राहा.

तुझ्याच कानडीत नमस्कार करते, शरणु.