मामांचा खांदा आणि गोफण

माझ्या मामेसासऱ्यांइतका हट्टी माणूस शेवगाव तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्या उजव्या खांद्याइतका हट्टी खांदा तर अख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल. वय पंच्याहत्तरीपुढे, पण ज्वारी हुरड्यात आली की मामा गोफण घेऊन शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढलेच म्हणून समजा. शेजारच्या शेतांत पाखरं हाकायला चकचकीत पट्ट्या आणि भोंगे आले. मामा म्हणतात, "भोंग्याला पाखरं चार दिसात वळखत्यात. मला पन्नास वर्सं वळखत्यात, तरी भित्यात." गोफण स्वतः वळलेली, टोकाला शेपटी अशी की सोडताना आसुडासारखी वाजते. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहाआधी माझ्या हातात गोफण दिली. माझा दगड मागे, त्यांच्याच गोठ्याच्या पत्र्यावर पडला. त्या दिवसापासून जावई म्हणून मला मान आहे, माणूस म्हणून फारसा नाही.

यंदा मात्र त्यांचा हात कानाच्या वर जाईना. मामींनी माळ्याची शिडीच लपवली. "आदी खांदा दाखवा, मग चढा!" शेवटी मीच त्यांना नगरला सोनोग्राफीला नेलं. सोनोग्राफी पोटाचीच असते या समजुतीने मामा उपाशीपोटी, तांब्याभर पाणी पिऊन आले होते. तरुण डॉक्टरांनी खांद्यावर यंत्र फिरवलं, पडद्यावर ताठर आणि लवचिक भागांचे वेगवेगळे रंग दाखवले आणि सांगितलं, की स्नायू हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन, वयाने ताठर झाली आहे. झटका बसला तर तुटेल. गोफण बंद.

"दोरीचं मला सांगू नका," मामा भडकले. "वापरातली दोरी नरम ऱ्हाती. ताठती ती खुंटीला टांगलेली. आता तुमचा खांदा दाखवा!" डॉक्टरांनी हसत स्वतःच्या खांद्याला यंत्र लावलं. दोरी छान लवचिक निघाली. मामांनी पडदा निरखून पाहिला. "लई भारी हाय. पन ह्या खांद्यानं एक चिमनी तरी उडवलीय का?"

परवा शेतावर गेलो. शिडी परत जागेवर आली होती. मी वर चढलो तेव्हा मामा पाठमोरे उभे होते. हात जेमतेम खांद्याएवढा उचलून त्यांनी गोफण फिरवली, फाडकन आवाज झाला आणि ज्वारीवरून अख्खा थवा उठला. त्यांच्या पायाशी दगडांची रास होती. तिच्यावर धूळ बसली होती. गोफणीत दगड नव्हताच.

"पाव्हणं, दगड कुठवर गेला?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं. "ओढ्यापलीकडे, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी तितंच दिसला."